दिल्ली बघायची, पण खिसा सांभाळून : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिल्लीच्या सहलीबद्दल बरेच प्रश्न आलेत, परभणीपासून बीडपर्यंत. सगळ्यांचा सूर एकच, जायचंय पण खर्च झेपेल का. पत्रं आणि मेसेज थोडे कापून इथं देतेय, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघं आणि दोन लेकरं, एक सहावीला आणि एक नववीला. वीस-पंचवीस हजारात दिल्ली होईल का? ट्रॅव्हल्सवाल्यानं माणशी चौदा हजार सांगितले म्हणून सोडूनच दिलं होतं. (परभणी)

होते ताई, आरामात होते, सोडू नका. आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, दिल्लीत बघण्यासारख्या अर्ध्याच्या वर जागांना तिकीटच नाही नाहीतर अगदी थोडं आहे, पैसा जातो तो रिक्षात, चुकीच्या वारी गेल्यामुळं फुकट गेलेल्या दिवसात आणि एकाच दिशेला तीनदा जाण्यायेण्यात. म्हणून हॉटेल शोधण्याच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा.

सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद. म्हणजे सोमवारी दिल्लीत असणं म्हणजे एक दिवसाचं लॉजभाडं वाया. माझं तर म्हणणं आहे सोमवार सरळ गाडीतच घालवा. सचखंड एक्सप्रेस रोज आहे, सकाळी नांदेडहून निघते, परभणी, जालना, संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला लागते. सोमवारी परभणीला बसलात की मंगळवारी दुपारी दिल्लीत, मंगळ-बुध-गुरू अशा तीन रात्री मुक्काम आणि शुक्रवारी दुपारी तीच गाडी परत धरायची. लेकरांची शाळा पण आठवडाभरच बुडते, सुट्टीत बसवलं तर तेवढीही नाही.

आता फिरायचं कसं ते सांगते. मंगळवारी खोली घेतली, आंघोळी झाल्या की संध्याकाळी लांब कुठं जाऊ नका, बंगला साहिब गुरुद्वारा आणि तिथून इंडिया गेट. इंडिया गेटच्या मागंच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ ला झालेलं, फुकट आहे आणि नववीच्या लेकराला ते नक्की दाखवा, गोल गोल भिंतींवर एकेका शहीद जवानाचं नाव कोरलंय, ती नावं वाचत वाचत माणूस आपोआप गप्प होतो. बुधवार जुन्या दिल्लीचा. लाल किल्ला मेट्रो स्टेशन किल्ल्यासमोरच आहे, सकाळी उघडल्या उघडल्या आत जायचं, मग पायी चांदणी चौक, सीसगंज गुरुद्वारा, जामा मशीद, दुपारनंतर राजघाट. गुरुवार दक्षिणेचा, सकाळी कुतुबमिनार, मग लोटस टेंपल, शेवटी हुमायूनचा मकबरा आणि संध्याकाळी निजामुद्दीन दर्गा, कारण गुरुवारी संध्याकाळी तिथं कव्वाली असते आणि तिला तिकीट नसतं. शुक्रवारी सकाळी एखादी जवळची जागा आणि मग स्टेशन. बास, याच्यात अजून काही कोंबू नका, लेकरं कंटाळतात आणि मग आपण कावतो.

हिशोब असा धरा. स्लीपरचं तिकीट माणशी सातशेच्या आसपास, चौघांचं जाऊन-येऊन साधारण साडेपाच-सहा हजार (पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ पाहिजे असेल तर पूर्ण तिकीट लागतं, सहावीवाल्याचं अर्धं धरून चालू नका). पहाडगंज किंवा करोल बागेत चौघांची खोली दोन हजाराच्या आत-बाहेर मिळते, तीन रात्रींचे सहा. जेवणखाण रोजचं चौघांचं सोळाशे धरलं तरी पाच हजारात बसतं, गाडीतलं वरचं हजारभर. मेट्रो-रिक्षा दीड हजार, तिकिटं हजाराच्या आत, कारण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना कुतुब आणि हुमायूनला चाळीसच्या आसपास. मुलांचं वय दाखवायला आधार कार्ड जवळ ठेवा. झाले वीसेक हजार. उरलेल्या पाचात खरेदी करा नाहीतर एका बाजूनं थ्री एसी करा, उन्हाळ्यात जात असाल तर एसीच करा.

आणि हो, सचखंडला वाटेत काही स्टेशनांवर शीख मंडळी लंगर वाटतात, डब्याशी येऊन भाजी-पोळी देतात. जवळ एक डबा किंवा ताटली ठेवा म्हणजे झालं. पण पूर्ण त्याच्यावर विसंबू नका, गाडी उशिरा असली की चुकामूक होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घरून नेल्याच पाहिजेत, दशमी दोन दिवस टिकते.

प्रश्न : रिझर्व्हेशन कधी करायचं? दरवेळी वेटिंग येतं. (सेलू)

आता फक्त साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, पूर्वीचे चार महिने २०२४ च्या नोव्हेंबरपासून गेले. त्यामुळं जायची तारीख ठरली की साठ दिवस मागं मोजा आणि त्या सकाळी बसा. आयआरसीटीसीचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर ऑनलाइन तत्काळ निघत नाही, ते आजच करून ठेवा, ऐनवेळी ओटीपीच येत नाही. सचखंड फुल असेल तर नांदेडहून हजरत निजामुद्दीनला जाणारी मराठवाडा संपर्क क्रांती बघा, ती आठवड्यातून एकदाच असते. बीड-आष्टीकडच्या लोकांना अहिल्यानगरहून कर्नाटक एक्सप्रेस किंवा गोवा एक्सप्रेस सोयीची पडते. आणि स्टेशनपर्यंत एसटीनं जाताना बायकांना अर्धं तिकीट आहेच.

प्रश्न : सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांची दिल्ली बघायची फार इच्छा आहे पण नेऊ का नको? (अंबाजोगाई)

न्या. इच्छा आहे तोवरच न्या, गुडघे काय पुढच्या वर्षी बरे होणार नाहीत.

फक्त तिकीट काढताना एक करा, सगळ्या घराचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, साठच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या वरच्या बायका यांच्यासाठी, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली तर मिळतो. तुम्ही सहा जण एकत्र टाकलेत की कोटा गेला आणि सासूबाई वरच्या बर्थवर. त्या दोघांचं वेगळं काढा, तुमचं वेगळं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे हे त्यांना आधीच सांगून टाका, मामंजी तिकीट बघून नाराज व्हायला नकोत.

दिल्ली मेट्रोत सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, जिन्याची भीती नको. पण मेट्रोत एका लाइनवरून दुसरीवर जायचं असलं की चालणं बरंच होतं, राजीव चौकात तर गर्दी आणि चालणं दोन्ही, म्हणून सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ तिथून जाऊच नका. लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजापासून दिवाण-ए-खासपर्यंत बरंच अंतर आहे. म्हातारी माणसं असतील तर एका दिवसात एकच मोठी जागा ठेवा आणि दुसरी बसायची जागा. बसायला लोधी गार्डन छान, फुकट, झाडाखाली सतरंजी टाकली की दोन तास कसे जातात कळत नाही. इंडिया गेटला पण संध्याकाळी बसता येतं. बिर्ला मंदिर (लक्ष्मीनारायण मंदिर) त्यांना आवडेल, १९३९ ला गांधीजींच्या हस्ते उघडलंय. अक्षरधाम सुंदर आहे पण फोन, बॅगा सगळं बाहेर जमा करावं लागतं आणि आत चालणं भरपूर, त्यात लोकं एकमेकांपासून हरवतात आणि फोन कुणाकडेच नसतो, म्हणून आत शिरायच्या आधीच "चुकलो तर इथं भेटायचं" अशी एक जागा ठरवून घ्या.

प्रश्न : आपल्या मराठवाड्याचं दिल्लीत काही आहे का? मी इतिहास शिकवतो, पोरांना घेऊन जायचा विचार आहे, नुसते फोटो काढून परत यायचं नाही. (परतूर)

सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं आणि तुम्ही परतूरचे म्हणून तर जास्तच. सुरुवात तुमच्याच गावापासून करा. उदगीरची लढाई झाल्यावर १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेला निघाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, म्हणजे पानिपतची वाट तुमच्या तालुक्यातून सुटते. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये उभं राहिलात की पोरांना वर बघायला सांगा, तिथं पूर्वी चांदीचं छत होतं, फौजेचा खर्च भागेना म्हणून भाऊंनी ते काढून वितळवलं. पुढं महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाह आलमला परत दिल्लीच्या गादीवर बसवलं आणि १८०३ ला इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत त्या किल्ल्यावर मराठ्यांचाच वचक होता. एवढं सांगून मग किल्ला दाखवा, पोरं वेगळ्या डोळ्यांनी बघतील. दत्ताजी शिंदे जिथं पडले तो बुराडी घाट पण दिल्लीतच, यमुनेच्या काठी उत्तरेला. तिथं बघायला फारसं काही नाही, पण "बचेंगे तो और भी लडेंगे" पाठ असलेल्या पोरांना जागा नकाशावर तरी दाखवा.

कुतुबमिनारला सगळे मिनारासोबत फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही शेजारचा अलाई दरवाजा बघा, १३११ चा, अल्लाउद्दीन खिलजीनं बांधलेला. हाच तो खिलजी ज्यानं १२९६ मध्ये आपल्या देवगिरीवर येऊन रामदेवरावाला लुटलं आणि त्या लुटीच्या जोरावर दिल्लीची गादी मिळवली. तिथंच त्याचा अर्धवट राहिलेला अलाई मिनार आहे, कुतुबच्या दुप्पट उंच करायचा होता, पहिल्या मजल्यावरच थांबला. देवगिरीचा किल्ला आपल्या पोरांनी सहलीत बघितलेला असतो, त्याचं दुसरं टोक इथं आहे. तुघलकाबादचा पडका किल्ला पण त्यातलाच, मोहम्मद तुघलकाच्या बापानं बांधला आणि मुलानं १३२७ ला राजधानी उचलून दौलताबादला आणली. तिकीट थोडंसंच असतं, गर्दी नसते, पण आत सावली नाही आणि पाणी मिळत नाही, बाटल्या भरून न्या आणि पोरांना टोळीनंच फिरवा.

हुमायूनचा मकबरा बघताना बीबी का मकबरा आठवल्याशिवाय राहणार नाही. तीच चौकोनी बाग, तेच पाण्याचे पाट, मधोमध उंच चौथऱ्यावर घुमट. हुमायूनचा १५७० च्या सुमारास झाला, त्याच्यापुढं ताज आणि ताजच्या पुढं आपला संभाजीनगरचा, एकाच घराण्याच्या तीन पिढ्या जणू. शेजारी निजामुद्दीन औलियांचा दर्गा. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दिल्लीहून आपल्याकडं आले आणि खुलताबादेत त्यांची मजार आहे. खुलताबादचा उरूस बघितलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही.

आणि बंगला साहिबला गेलात की पोरांना हे जरूर सांगा की जो ग्रंथ इथं वाचला जातो त्यात हिंगोलीजवळच्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नांदेडला हुजूर साहिब आहे म्हणून गुरुद्वारा आपल्याला नवा नाही, पण नामदेवांचा शब्द पंजाबी चालीत दिल्लीत ऐकू आला तर तो काय आनंद असतो ते ऐकणाऱ्यालाच कळेल. डोकं झाकायचं, पाय धुवून आत जायचं, लंगरमध्ये पंगतीला बसायचं, पोळी दोन्ही हात पुढं करून घ्यायची, ताटात टाकून उठायचं नाही. जमलं तर पोरांना अर्धा तास भांडी घासायच्या सेवेला बसवा, तिथं कुणालाही बसता येतं.

अजून एक जागा, माझ्या मते तर ही सगळ्यात आधी पाहिजे. २६, अलिपूर रोड. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला जिथं महापरिनिर्वाण झालं ती जागा, आता तिथं संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ ला झालेलं. यलो लाइननं सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरलं की जवळच. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला आपली लाखो माणसं जातात पण दिल्लीत येऊन इथं न जाता परत गेलेले किती तरी जण मला भेटतात, कारण कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत ते नसतं. सोमवार सोडून जा. परभणीच्या ताईंनी शुक्रवार सकाळ याच्यासाठी ठेवावी असं मला वाटतं.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी परीक्षेसाठी दिल्लीला चाललोय, घरचे घाबरतात. एक दिवस मोकळा आहे. (नांदेड)

घरच्यांची काळजी खरी आहे, ती मोडीत काढू नका, पण घाबरून दिल्ली न बघता पण येऊ नका. मेट्रोत पुढचा पहिला डबा बायकांचा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते तिथं उभ्या राहा. रात्री नऊच्या आत खोलीवर. खोली मेट्रो स्टेशनच्या पायी अंतरावर घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील, अंधारात गल्लीबोळातून रिक्षा शोधण्यापेक्षा ते पैसे वसूल आहेत.

सगळ्यात जास्त सांभाळायची जागा म्हणजे नवी दिल्ली स्टेशनचा बाहेरचा भाग, विशेषतः पहाडगंजकडचा. चांगले कपडे घातलेला माणूस येतो, "तिकीट दिखाओ", बघतो आणि म्हणतो ये तो कॅन्सल है, ऑफिस चलो, नाहीतर तुमचं हॉटेल बंद झालंय, रस्ता बंद आहे, मी दुसरं दाखवतो. ऐकायचं पण नाही, थांबायचं पण नाही, चालत राहायचं. तिकीट रेल्वेच्या माणसाशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, शंका आली तर १३९ ला फोन, अडचण आली तर ११२. खोलीवाल्याला निघायच्या आधी फोन करून ठेवा म्हणजे "हॉटेल बंद आहे" म्हणणारा खोटा पडतो. स्टेशनची अजमेरी गेटची बाजू धरा, मेट्रो तिकडंच आहे, थेट आत शिरा.

मोकळ्या दिवशी सकाळी कुतुबमिनार, मग जोर बागला उतरून सफदरजंगचा मकबरा आणि लोधी गार्डन, संध्याकाळी आयएनए स्टेशनच्या दिल्ली हाटला खाणं. सगळं एकाच यलो लाइनवर आहे, कुठं बदलायचं नाही. स्वस्त कपडे घ्यायचे असतील तर सरोजिनी नगर, पण तेही सोमवारी बंद. पर्स पुढं घ्या. पेपरच्या आदल्या दिवशी मात्र फिरू नका, पेपर झाल्यावर फिरा.

प्रश्न : महाराष्ट्र सदनात स्वस्तात राहता येतं म्हणतात, खरं का? आणि भाकरी कुठं मिळेल? (वसमत)

दादा, सदनं दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर आणि नवीन कस्तुरबा गांधी मार्गावर. खोल्या आधी सरकारी कामाच्या लोकांना. आमदार-खासदारांच्या पत्रावर कधी मिळतात पण त्याच्या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नका, पत्र आणि खोली दोन्ही पक्कं झाल्याशिवाय दुसरी खोली सोडू नका. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, मराठी लोकांसाठीच, आधी फोन करून चौकशी करा, तिथं जागा मिळाली तर भाषेची पण चिंता मिटते.

भाकरीचं मात्र मन मोठं करा, चार दिवस नाही मिळाली तर नाही. दिल्लीत छोले-कुलचे, राजमा-चावल, पराठे खा, शंभर-दीडशेत पोट भरतं. भात-आमटीशिवाय चालत नसेल तर अशोका रोडवर आंध्र भवनच्या कॅन्टीनला थाळी मिळते, पोट भरेपर्यंत वाढतात, भाजी-आमटी तिखट असते, आपल्याकडच्या जिभेला बरोबर बसते. दुपारी एकला फार रांग असते, बाराच्या आत जा. घरून लसणाची चटणी न्या, तिकडच्या पनीरला तीच सोबत.

प्रश्न : जातोच आहोत तर ताजमहाल पण करून यावा का? (जालना)

करा, पण वेगळा दिवस द्या आणि तो शुक्रवार नसू द्या, शुक्रवारी ताज बंद असतो. वरच्या परभणीच्या ताईंच्या आखणीत आग्रा बसणार नाही, उगीच ओढू नका. एक रात्र वाढवायची तयारी असेल तर येताना आग्र्याहूनच गाडी धरा, सचखंड आग्रा कँटला थांबते, म्हणजे दिल्लीला परत जायचं भाडं वाचतं. दिल्लीहून सकाळी लवकरच्या गाडीनं आग्रा, सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये, ताज बघून रात्री तिथंच मुक्काम, दुसऱ्या दिवशी आग्र्याचा किल्ला आणि मग सचखंड. परतीचं तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन आग्रा कँट टाका. ताजला आत जायचं तिकीट पन्नास आणि मुख्य मकबऱ्यात जायचं वर दोनशे, दोन्ही घ्या, एवढ्या लांब जाऊन बाहेरून बघून येऊ नका.

प्रश्न : कापूस वेचणी संपल्यावर जावं म्हणतोय, डिसेंबर-जानेवारी चालेल का? (मानवत)

काका, ते दोन महिने सोडून द्या. थंडी आपल्याला सोसत नाही ही एक गोष्ट आणि धुक्यानं गाड्या पाच-सहा तास सहज उशिरा येतात ही दुसरी. त्यात २६ जानेवारीच्या आधी लाल किल्ला काही दिवस बंद असतो, इंडिया गेटकडचे रस्ते अडवलेले असतात. दिवाळीच्या आसपास हवा खराब, ज्याला दमा आहे त्यानं तर अजिबात जाऊ नये. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा मधला काळ सगळ्यात छान, राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान पण तेव्हाच उघडतं, प्रवेश फुकट असतो, फक्त ऑनलाइन नोंदणी करून जा. तुमचा हरभरा-ज्वारी काढणीला त्याच सुमारास येते हे मला माहीत आहे, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच निघा आणि काढणीच्या आत परत या. एक स्वेटर आणि कानटोपी प्रत्येकाची, सकाळ-संध्याकाळ लागते. तिकिटाचे साठ दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतील, तेव्हा वेचणीच्या गडबडीत विसरू नका, पोराला सांगून मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.